बोटीवरची नोकरी, पण कालव्यातली

मागच्या अंकात ओघात लिहून गेलो, 'मी बोटीवर नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट'. त्यावर दापोलीहून एका भगिनीचे पत्र आले. "भाईजान, आमच्या घरातले तीन पुरुष बोटीवर आहेत. तुमची कंपनी कुठली आणि फेरी कुठली होती?"

तिचे काही चुकले नाही. आमच्या कोकणात 'बोटीवर आहे' म्हटले की समुद्र आलाच. माझे अब्बा तसे बोटीवर होते. खलाशी म्हणून चढले, तांडेल होऊन उतरले, आणि साठीच्या दशकात इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ स्मेदिकच्या एका फाउंड्रीत कामाला लागले. माझी बोट मात्र सात फूट रुंद होती, छातीइतक्याही नसलेल्या पाण्यात चालायची, आणि काठावरून फिरायला निघालेली म्हातारी बाई सहज तिच्या पुढे निघून जायची. ती बोट माल नेत नव्हती. शनिवार ते शनिवार सुट्टी घालवायला कुटुंबांना भाड्याने द्यायची बोट होती ती, आणि मी त्या बोटींच्या तळावर कामगार होतो.

भगिनींना उत्तर म्हणून एवढे पुरेसे होते. पण लिहायला बसलो तेव्हा त्या तळावरची एक गोष्ट आठवली, जी मी घराबाहेर फारशी कोणाला सांगितलेली नाही. ती रमजानची आहे, म्हणून या पानावर सांगतो.

मी एकवीस वर्षांचा होतो. ज्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो तो बंद पडला. त्या वर्षांत इंग्लंडच्या त्या भागात कारखाने असे बंद पडत होते जसे आपल्याकडे पावसाळ्यात चहाच्या टपऱ्या. नोकरी मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत एका कार्डावर 'बोटींची साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, हंगामी' असे लिहिलेले होते. तांडेलाचा मुलगा म्हणून गेलो. मालकाने विचारले, "बोटींची माहिती आहे?" मी म्हणालो, "अब्बा समुद्रावर होते." तो हसला आणि म्हणाला, "इथे बुडायचे ठरवलेस तर आधी वाकावे लागेल."

तळ वुल्व्हरहॅम्प्टनच्या पलीकडे, स्टॅफर्डशायर-वूस्टरशायर कालव्यावर होता. हा कालवा १७७२ मध्ये खुला झाला. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने तो आखला. त्या काळी रस्ते चिखलाचे, आणि एक घोडा गाडीतून जेवढा कोळसा ओढी त्याच्या कितीतरी पट तो पाण्यावरच्या बोटीतून ओढी. काठाने जी पायवाट आहे ती त्या घोड्यांची. पाणी आणि खर्च वाचवायला लॉक अरुंद, सात फुटांचे बांधले, म्हणून बोटी सात फुटांच्या. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे महिनोन्‌महिने गोठले, तेव्हा उरलासुरला धंदाही बहुतेक संपला. ज्या बोटीत कोळसा असे तिथे पलंग, गॅसची शेगडी आणि पडदे आले. पुढे तर नव्या बोटी लोखंडी पत्र्याच्या, मुद्दाम सुट्टीसाठीच बांधू लागले. इतिहास एवढाच, कारण आम्हाला शनिवारी इतिहासाला वेळ नसे.

शनिवार म्हणजे आमची लगीनघाई. सकाळी नऊपर्यंत गेल्या आठवड्याच्या बोटी परत येत आणि दुपारी अडीच-तीनला नवे लोक सामानसुमान घेऊन दारात हजर. मधल्या पाच तासांत नऊ बोटी तयार करायच्या. डिझेल भरा, पाण्याची टाकी भरा, संडासाची टाकी पंपाने उपसा, इंजिनाचे तेल बघा, पंख्याच्या दांड्याला ग्रीस द्या, गॅसचे सिलिंडर बदला. पंख्याजवळ एक झाकण असते. ते उघडून हात घालायचा आणि पंख्याला गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, दोऱ्या, एकदा तर अख्खी पॅन्ट, कापून काढायची. ते झाकण नीट बसवले नाही तर इंजिन चालू होताच पाणी आत येऊन बोट बुडते. मी दरवेळी दोनदा तपासत असे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे वाचून तुम्हाला वाटेल की मी निष्काळजी होतो. मी निष्काळजी नव्हतो.

आतली सफाई गावातल्या बायका करीत. परत आलेल्या बोटींच्या फ्रिजमध्ये डुकराचे मांस, दारूच्या बाटल्या हमखास उरलेल्या असत. पहिल्या शनिवारी मी फ्रिज उघडून तसाच उभा राहिलो. त्यातली सगळ्यात वयस्कर बाई, जी कोणाशी गोड बोलत नसे, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू संडासाच्या टाक्या कर, फ्रिज मी करते." आमचा करार तीन वर्षे टिकला. त्यात फायद्यात कोण होते हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जोहर आणि असर रंगाच्या खोलीत, पुठ्ठा पसरून. वजू पाणी भरायच्या नळावर. मार्चमध्ये ते पाणी असे लागे की बोटे आहेत की नाहीत कळत नसे. जुम्याला दोन तास सुट्टी मिळे, ते संध्याकाळी भरून द्यायचे. मालकाने कधी कटकट केली नाही. एकदा तो रंगाचा डबा घ्यायला आत आला, मी सजद्यात होतो, तसाच मागे गेला आणि दाराबाहेर उभा राहून येणाऱ्यांना "आत जाऊ नका, ओला रंग आहे" म्हणून सांगत राहिला.

दुसऱ्या वर्षी मला बोट लोकांच्या ताब्यात द्यायचे काम मिळाले. हे मानाचे काम. परवाना नाही, परीक्षा नाही. बँकेतला कारकून, शाळामास्तर, कोणीही येतो आणि साठ फुटांची बोट घेऊन जातो. तिला सुकाणूचा दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. ब्रेक नाही. हे सगळे त्यांना तासाभरात शिकवायचे. आमच्याकडे सोळा मुद्द्यांची छापील यादी होती. एकेक मुद्दा दाखवायचा, त्यापुढे टिक करायची, शेवटी गिऱ्हाइकाची सही. सही झाल्यावर मी बोटीवर राहायचो, पाव मैलावर पहिले लॉक होते तिथपर्यंत जायचो, आणि त्यांच्या हातून ते लॉक करवून घेऊन चालत परत यायचो.

लॉक म्हणजे काय ते सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. कालवा टेकडी चढतो तेव्हा पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असलेला विटांचा एक लांबट हौद असतो. वरून खाली जायचे असेल तर भरलेल्या हौदात बोट घ्यायची, मागचे दार लावायचे, पुढच्या दाराच्या झडपा लोखंडी किल्लीने फिरवून उघडायच्या. सुमारे लाखभर लिटर पाणी निघून जाते आणि बोट शांतपणे खालच्या पातळीला येते. बघणाऱ्याला हे फार सुंदर वाटते.

पण वरचे दार ज्या दगडी पायावर उभे असते, तो पाया आत, हौदात थोडा पुढे आलेला असतो. घराच्या उंबऱ्यासारखा. हौद भरलेला असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरू लागले की उघडा पडतो. बोटीचे मागचे टोक त्याच्यावर राहिले असेल तर ते तिथेच अडकते, पुढचे टोक पाण्याबरोबर खाली जाते, आणि बोट नाकावर उभी राहते. यादीतला अकरावा मुद्दा हा उंबरा होता. आजकाल बहुतेक लॉकच्या काठावर पांढऱ्या रेघेची खूण असते. तरी ती रेघ कशासाठी हे कोणीतरी सांगावेच लागते.

आता २५ जून १९८३. शनिवार. वाचकांमधल्या पुरुषांनी तारीख ओळखली असेल. लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल, भारत आणि वेस्ट इंडीज. रमजानचा दुसरा अशरा लागला होता, रोजा अठरा तासांहून मोठा, इफ्तार रात्री साडेनऊनंतर. आमचा मेकॅनिक मूळचा बार्बाडोसचा, वयाने अब्बांएवढा. त्याचा ट्रान्झिस्टर वर्कशॉपच्या खिडकीत सकाळपासून चालू. भारत १८३ वर आटोपला तेव्हा तो मला म्हणाला, "बाळा, तू आजचा रोजा दुःखात सोडणार." मग त्यांची खेळी सुरू झाली. ग्रीनिज एका धावेवर गेला. त्याचा चेहरा बघून मी हसलो. मग रिचर्ड्स आला आणि हसण्याची पाळी त्याची आली.

त्याच वेळी माझी शेवटची बोट द्यायची होती. नवरा-बायको, दोन मुले आणि बायकोची आई, सत्तरीच्या पुढची. तो गृहस्थ सुरुवातीलाच म्हणाला, "मला बोटी माहीत आहेत. नॉरफोक ब्रॉड्सला दोनदा बोट घेतली आहे." मी सुटकेचा श्वास टाकला. ब्रॉड्सच्या पाण्यात लॉक नसतात हे मला पक्के ठाऊक होते. पण त्या घडीला ते आठवायचे नव्हते. इंजिन दाखवले, गॅस दाखवला, पंख्याचे झाकण दाखवले. खिडकीतून रिचर्ड्सच्या चौकाराचा गलका ऐकू आला. दहाव्या मुद्द्यानंतर मी यादी पुढे सरकवली आणि सोळापर्यंत सरळ टिका केल्या. त्याने विश्वासाने सही केली. लॉकपर्यंत जायचे ते मी पुलापाशीच उडी मारून उतरलो, "सरळ जा, सोपे आहे" म्हणालो आणि पायवाटेने धावत सुटलो.

वर्कशॉपमध्ये पोहोचलो तर मेकॅनिक दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसलेला. रिचर्ड्स आउट झाला होता. मदनलालच्या गोलंदाजीवर कपिलने मागे धावत घेतलेला तो झेल मी ऐकलाच नाही. पुढचे सगळे ऐकले. त्रेचाळीस धावांनी जिंकलो. त्या रात्री इफ्तारला आमच्या गल्लीत मिठाई वाटली गेली.

रविवारी दुपारी मालकाचा फोन आला. गाडीत तो काही बोलला नाही.

लॉकमध्ये बोट नाकाने पाण्यात गेली होती. मागचे टोक वर, पडदे ओले, चहाची किटली तरंगत होती. तिसऱ्या की चौथ्या लॉकला मागचे टोक उंबऱ्यावर राहिले. बाहेरचे कोणाच्या लक्षात आले नाही. कुत्रा फिरवायला आलेल्या एका माणसाने ओरडून झडपा पाडल्या आणि पाणी थांबवले. मुले उड्या मारून बाहेर आली. आजी आत चहा करीत होती. तिला मागच्या दारातून ओढून काढले, आणि ती काठावर येते न येते तोच बोट उंबऱ्यावरून घसरून खाली आदळली. आजीचे मनगट मोडले. दोन मिनिटे उशीर झाला असता तर काय, हे मी त्या दिवशी पुरते मनातही आणू शकलो नाही.

मालकाने तिथेच, सगळ्यांसमोर विचारले, "उंबरा दाखवला होतास?"

मी म्हणालो, "हो."

तो गृहस्थ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटले आता ओरडेल. तो ओरडला नाही. आठवायचा प्रयत्न करीत असल्यासारखा कपाळाला हात लावून म्हणाला, "सही तर माझीच आहे. दाखवला असेल. मीच विसरलो असेन." असे म्हणून तो बायकोसमोर, मुलांसमोर मान खाली घालून उभा राहिला.

घरी आलो. अम्मीने खजूर पुढे केला. अब्बांनी सगळे ऐकले होते, कोणीतरी फोनवर सांगितले होते. त्यांनी विचारले नाही की दोष कोणाचा. एवढेच विचारले, "यादी कोणाच्या हातात होती?" मी म्हणालो, "सही त्यांची आहे." ते म्हणाले, "सही त्यांची. टिक?"

बाहेर मगरीबची वेळ झाली. खजूर तोंडात होता, गिळवत नव्हता. सूरह निसामध्ये साक्षीबद्दल काय सांगितले आहे ते या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. लहानपणी मदरशात ते पाठ केलेले होते. पाठ असणे वेगळे.

सोमवारी सकाळी ऑफिसात गेलो आणि मालकाला सांगितले की मी उंबरा दाखवला नाही, टिक खोटी होती आणि काल तुमच्याशीही खोटे बोललो. तो बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिला. त्याची बायको हिशेब लिहीत होती, तिने वही बंद केली. मग तो जे म्हणाला त्याची मला कल्पना नव्हती.

"बघ पोरा," तो म्हणाला, "हा तुमचा उपासाचा महिना. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. तशात मी नऊ बोटी तुझ्यावर टाकल्या. चूक माझी आहे. मी तसे लिहितो. उपासामुळे थकवा आला, मुद्दा राहून गेला. कोणीही समजून घेईल."

तो मनापासून बोलत होता. आणि खरे सांगतो, दोन-तीन क्षण मला ते फार गोड वाटले. नोकरी वाचत होती, अब्रू वाचत होती, उलट कीव मिळत होती. त्या कुटुंबालाही ते पटले असते. अब्बांनासुद्धा कदाचित.

पण माझा चुलतभाऊ त्याच तळावर उन्हाळ्यापुरता लागला होता, माझ्याच शिफारशीने. तोही रोजे करीत होता आणि इंजिने तपासत होता. मालकाच्या वहीत एकदा 'रोजा म्हणजे थकवा, थकवा म्हणजे बुडालेली बोट' असे लिहिले गेले असते, तर पुढच्या रमजानात आमच्यापैकी कोणाला त्याने किल्ली हातात दिली असती? हे सगळे त्या क्षणी इतके सुबक मनात आले नाही. तेव्हा एवढेच वाटले की ज्या रोज्याने मला काही केले नव्हते, त्याच्या नावावर मी हे टाकतो आहे. त्या दिवशी मी थकलेलो नव्हतो. पुलापासून वर्कशॉपपर्यंत मी धावत आलो होतो!

मी म्हणालो, "उपासामुळे नाही. क्रिकेटमुळे."

"काय?"

"फायनल चालू होती. रिचर्ड्स खेळत होता. मला ऐकायचे होते."

मालक खुर्चीत मागे टेकला. उपासाला जेवढा मऊ होता तेवढाच क्रिकेटला कडक झाला. दहा मिनिटे तो मला बोलला. त्यातले बरेच इथे लिहिण्यासारखे नाही. त्याच्या बायकोने मध्ये एकदा "पुरे" म्हटले, तरी थांबला नाही. बोलून झाल्यावर त्याने त्या गृहस्थाला माझ्यासमोर फोन लावला, सही असली तरी चूक आमची आहे असे सांगितले, अनामत आणि भाडे दोन्ही परत केले. फोन माझ्या हातात दिला. मी जे बोललो ते आठवत नाही. तिकडून तो गृहस्थ काही वेळ गप्प होता, मग म्हणाला, "माझ्या बायकोला हे सांगशील? ती जवळच आहे." मी तिलाही सांगितले. ती मात्र गप्प राहिली नाही, आणि तिचे बरोबरच होते.

मला काढले नाही. हंगाम संपेपर्यंत बोट ताब्यात द्यायचे काम बंद, संडासाच्या टाक्या सगळ्याच माझ्याकडे. फ्रिजवाल्या बाईशी झालेला करार आता फुकटातच पाळायचा होता. ती बोट दुरुस्तीला सहा आठवडे उभी राहिली, ऐन जुलै-ऑगस्टात, आणि त्या वर्षीचा जुलै असा कडक उन्हाचा होता की एकेक बोटीसाठी लोक रांगेत होते. मालकाने त्या नुकसानीचा आकडा मला कधी सांगितला नाही. पगारातून काही कापलेही नाही. अब्बांनी न विचारता, दर शुक्रवारी माझ्या पाकिटातल्या थोड्या नोटा वेगळ्या काढून ठेवायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये ते पाकीट घेऊन मी मालकाकडे गेलो. त्याने मोजले, निम्मे ठेवले, निम्मे परत केले.

नोव्हेंबरात बोटी पाण्याबाहेर काढून त्यांच्या तळाला काळा डांबरी रंग लावतात. आम्ही दोघे एकाच बोटीखाली, दोन बाजूंना, उकिडवे बसून ब्रश मारत होतो. ती तीच बोट होती. मागच्या टोकाला उंबऱ्याने ओढलेला ओरखडा अजून चमकत होता. बराच वेळ फक्त ब्रशचा आवाज. मग पलीकडून त्याने विचारले, "तो आउट झालेला ऐकलास तरी का?"

मी म्हणालो, "नाही. पोहोचेपर्यंत झाला होता."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने रंगाचा डबा बोटीखालून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "ओरखड्यावर दोन हात दे."